आडात असेल तर पोहऱ्यात
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात इमारत उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, ज्येष्ठांचे आशीर्वाद लाभले, आणि आता भोजनापूर्वीचा थोडा वेळ आमच्या वाट्यास आला आहे. पाणी, पंप आणि आग हा विषय ऐकून काहींच्या कपाळी आठी उमटेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु जमाखर्चाच्या पत्रकात ज्या एका रकमेबद्दल सभासदांनी आम्हांस सर्वाधिक प्रश्न विचारले, ती रक्कम याच विषयाची आहे. एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर स्पष्टच विचारले, "छताला ती स्प्रिंकलरची तोंडे बसविली, एवढे पुरे नव्हते काय? खाली पंपघरात तीन-तीन पंप आणि एवढी थोरली टाकी कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे हे उपसमितीचे कर्तव्य आहे. शिवाय या विषयात आमच्या हातून घडलेली एक चूक सभेपुढे मांडणे, हेही आमचे कर्तव्य आहे.

प्रथम स्प्रिंकलर म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील न्यू हेवन या गावी हेन्री पार्मली नावाच्या गृहस्थांचा पियानोचा कारखाना होता. त्याच्या रक्षणासाठी त्यांनी १८७४ साली या साधनाचे पेटंट घेतले, आणि पुढे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी त्यात मोठी सुधारणा केली. आज आपल्या सभागृहाच्या छतास जे तोंड दिसते, त्यात एक बारीक काचेची नळी असते व तिच्यात रंगीत द्रव भरलेला असतो. आपल्याकडील द्रव तांबडा आहे, म्हणजे ६८ अंश सेल्सिअस उष्णतेस ती नळी फुटते. पिवळा द्रव ७९ अंशांस आणि हिरवा ९३ अंशांस फुटतो. नळी फुटली की तिने अडवून धरलेले बूच निखळते, आणि पाणी खालच्या दातेरी चकतीवर आदळून छत्रीसारखे पसरते.

चित्रपटांत दाखवितात त्याप्रमाणे एका काडीच्या धुराने सर्व तोंडे एकदम वाहू लागत नाहीत. या तोंडास धूर कळत नाही, केवळ उष्णता कळते. आणि जेथे उष्णता पोचली तेवढेच तोंड उघडते. बहुतेक आगींत मोजकीच तोंडे उघडतात आणि तेवढ्याने आग आवरते. बंबाच्या एका नळीतून मिनिटास कित्येक शे लिटर पाणी पडते, त्या मानाने हे पाणी फार थोडे. पण ते वेळेवर पडते आणि नेमक्या जागी पडते. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' अशी आपल्याकडे म्हण आहे. स्प्रिंकलर म्हणजे जेथे आग तेथेच बंब, असे म्हणता येईल.

मात्र आपल्याकडे दुसरीही एक म्हण आहे: आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? स्प्रिंकलर हा पोहरा आहे. तो कितीही उत्तम धातूचा असला, तरी त्याच्या मागे आड नसेल तर तो छताचे भूषण होईल, रक्षण नव्हे. आमच्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे; पुढे जे सांगू तो त्याचा विस्तार समजावा.

आडाचे दोन गुण हवेत. पाणी पुरेसे हवे, आणि ते पुरेशा जोराने यावे. पहिल्याचा हिशोब सोपा आहे. आपल्या प्रकारच्या तोंडातून एक भार दाबास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाबास, मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी पडते. घरातील चार-पाच बादल्या समजा. अशी पाच तोंडे उघडली तर मिनिटाला ४०० लिटर, आणि अर्ध्या तासाला १२,००० लिटर. उन्हाळ्यात वस्त्यांतून जो दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो सगळा ओतला तरी अर्धा तास निघणार नाही. हा हिशोब केवळ कल्पना यावी म्हणून केला. प्रत्यक्षात टाकी केवढी व पंप केवढा, हे राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागातील कोष्टके व इमारतीचा उपयोग पाहून अभियंते ठरवितात.

दुसरी गोष्ट जोराची. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भगिनींना हे शास्त्र शिकविण्याची गरज नाही. गच्चीवर टाकी भरलेली असूनही वरच्या मजल्यावरील नळाची धार बारीक असते आणि तळमजल्यावर मात्र बादली भराभर भरते, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ तळाशी सुमारे एक भार दाब देतो. गच्चीवरील टाकी सर्वांत वरच्या मजल्याच्या छतापासून दोन-अडीच मीटरच उंच असेल, तर त्या मजल्यास पाव भाराएवढाच दाब मिळतो. आणि दाब पाव झाला की पाणी निम्मे होते. ८० लिटरऐवजी ४०. नळातील घर्षणाने तेही घटते. म्हणजे जेथून खाली उतरण्याचा मार्ग सर्वांत लांब, तेथेच पाण्याचा जोर सर्वांत कमी! ही उणीव भरून काढण्यासाठी पंप लागतो.

आता तळाच्या टाकीतून पाणी वर चढविण्याचा हिशोब पाहा. आपले सर्वांत वरचे तोंड पंपापासून सुमारे २५ मीटर उंच आहे. तेथवर पाणी नुसते पोचविण्यास अडीच भार लागतात. वळणे, व्हॉल्व्ह आणि नळांची लांबी यांचा एक भार धरू. तोंडाशी एक भार उरला पाहिजे. एकूण साडेचार भारांची निकड झाली. घरगुती पाणी गच्चीवर चढविणारा आपला लहान पंप केवळ थेंबे थेंबे तळे साचवीत असतो. एकाच वेळी एवढे पाणी, एवढ्या जोराने फेकणे हे त्याचे काम नव्हे.

यास्तव पंपघरात तीन पंप आहेत, आणि तिघांची कामे निरनिराळी आहेत. सर्वांत लहान तो जॉकी पंप. नळांत पाणी सदैव दाबाखाली भरून ठेवणे आणि कोठे थेंबभर गळती झाली तर ती भरून काढणे, एवढेच त्याचे काम. दुसरा विजेवर चालणारा मुख्य पंप. तिसरा डिझेलवर चालणारा; विजेने दगा दिला तर धावून येणारा. यांस कोणी हाक मारावी लागत नाही. समजा नळांत सात भार दाब आहे. तो सहावर आला की जॉकी पंप सुरू होतो व दाब पूर्ववत करून थांबतो. तोंड उघडून खरोखरच पाणी वाहू लागले, तर जॉकीच्या आवाक्याबाहेर दाब पाचवर उतरतो आणि मुख्य पंप सुरू होतो. तो सुरू झाला नाही व दाब चारवर आला, तर डिझेलचा पंप सुरू होतो. मुख्य पंप आपोआप सुरू होतो, पण आपोआप थांबत नाही. तो माणसानेच थांबवायचा असतो. आग विझली की नाही, हा निर्णय यंत्रावर सोपवीत नाहीत.

आणखी दोन व्यवस्था सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांत मोठे शहाणपण भरलेले आहे. पहिली विजेची. अग्निशमन दलाचे जवान आले की बहुधा इमारतीची वीज तोडतात. पाणी मारताना वीज चालू ठेवता येत नाही. त्या वेळी पंपाची वीजही त्याच बटणाने गेली, तर आपणच आपला हात बांधून घेतल्यासारखे होईल. म्हणून पंपाचा वीजप्रवाह मुख्य बटणाच्या अलीकडून स्वतंत्र घेतलेला असतो. दुसरी व्यवस्था टाकीची. नगरपालिकेचे पाणी आधी आगीसाठी राखलेल्या कप्प्यात पडते. तो काठोकाठ भरल्यावर वरून ओसंडून घरगुती कप्प्यात जाते. त्यामुळे राखीव कप्पा सदैव भरलेला राहतो आणि त्यातील पाणीही शिळे होत नाही. देवाचा नैवेद्य आधी, घरच्यांचे पान मागाहून, असाच हा क्रम आहे.

आता आमच्या चुकीकडे वळतो.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. २०२४ सालच्या त्या सप्ताहात आपणही काही करावे, म्हणून उपसमितीचे आम्ही चौघे वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर गेलो आणि नळाच्या शेवटी असलेली तपासणीची चावी उघडली. एका तोंडातून वाहील एवढे पाणी त्यातून वाहते. पाणी आले, घंटा वाजली, आम्हांस समाधान वाटले. पण मिनिटाभरात धार मंदावली, मग नुसती ओघळू लागली. खाली पंपघरात शांतता होती. तिन्हींपैकी एकही पंप सुरू झाला नव्हता.

वर त्याच मजल्यावर विद्यार्थी परीक्षेचा अभ्यास करीत बसले होते. ती शांतता आम्ही अद्याप विसरलो नाही.

चौकशी केली तेव्हा कळले ते असे. एका व्हॉल्व्हमधून बारीक गळती होती. त्यामुळे जॉकी पंप रात्रीतून कितीदा तरी सुरू होई. त्याच्या आवाजाने झोपमोड होते, अशी मुलांनी तक्रार केली. पहारेकऱ्याने पॅनेलवरील बटण 'बंद'कडे वळविले, आणि त्याबरोबर मुख्य पंपही बंद झाला. डिझेलच्या पंपाची बॅटरी उतरली होती, कारण एका समारंभात मंडपवाल्याच्या माणसांनी दिवे लावण्यासाठी बॅटरीच्या चार्जरची वायर काढली आणि ती परत कोणी लावली नाही. आणि टाकी? फेब्रुवारीतील एका लग्नात घरगुती पाणी संपले. पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून दोन कप्प्यांमधील, केवळ धुण्यापुसण्यासाठी ठेवलेली चावी कोणीतरी उघडली. ती उघडीच राहिली. राखीव कप्प्यात तिसरा हिस्सा पाणी उरले होते.

बंधुभगिनींनो, यांत एकही कृत्य दुष्ट हेतूने झालेले नाही. एकाने मुलांच्या झोपेसाठी केले, एकाने मंडपाच्या उजेडासाठी, एकाने वऱ्हाडाच्या आदरातिथ्यासाठी. तीन सत्हेतू एकत्र आले, आणि लाखो रुपये खर्चून बांधलेले अग्निरक्षण दोन महिने निर्जीव पडून राहिले. काही सभासदांनी पहारेकऱ्यास काढून टाकावे असे सुचविले. आम्ही ते मानले नाही. ते बटण म्हणजे काय, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. तपासणीची वही उघडली तेव्हा तिच्यात पहिल्या महिन्याच्या चार नोंदी होत्या. पुढची पाने कोरी होती. त्या कोऱ्या पानांचे धनी आम्ही आहोत, आणि ती जबाबदारी आम्ही येथे सर्वांसमक्ष घेतो.

असे आपल्याच येथे घडते असे नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी ४ मे १९८८ च्या रात्री एका ६२ मजली बँकेच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली. त्या इमारतीत स्प्रिंकलर बसविण्याचे काम जवळजवळ पुरे झाले होते. तोंडे होती, नळ होते. परंतु इशाऱ्याची यंत्रणा जोडावयाची राहिली म्हणून पाण्याचे व्हॉल्व्ह बंद ठेवले होते. चार मजले जळाले, पाचव्याचाही काही भाग गेला, आणि काय झाले ते पाहण्यास उद्वाहनातून वर गेलेला एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. पोहरा होता, आड बंद होता.

याच्या उलट उदाहरण फिलाडेल्फियाचे. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी तेथील 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर आग लागली. नेहमीची वीज गेली, संकटकाळची वीजही मिळाली नाही. जवानांच्या नळ्यांना जेथून पाणी घ्यावयाचे तेथील दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे लावलेले होते, म्हणून धारेस जोर नव्हता. तीन जवान प्राणास मुकले. आग मजल्यामागून मजला गिळीत आठ मजले चढली. तिसाव्या मजल्यावर मात्र स्प्रिंकलर बसविलेले होते, आणि त्यांना खाली उभ्या असलेल्या बंबांनी बाहेरच्या जोडणीतून पाणी पुरविले. तेथे दहा तोंडे उघडली, आणि जी आग शेकडो जवानांना आवरेना ती त्या दहा तोंडांपाशी थांबली.

या दोन्ही घटना आम्ही सांगितल्या त्या परदेशाचे कौतुक म्हणून नव्हे. तोंडे दोन्हीकडे होती. फरक पाण्याचा होता. आपल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीजवळ जी तांबडी पितळी तोंडांची जोडणी आहे, ती याच कामाची आहे: आपले सर्व पंप फसले तरी बंबाने बाहेरून पाणी ढकलावे, यासाठी. कार्याच्या दिवशी पाहुण्यांच्या मोटारी नेमक्या तिच्यासमोर उभ्या असतात. हात जोडून विनंती आहे, ती जागा मोकळी ठेवावी.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' अन्वये अशा इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाप्राप्त संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन ते सादर करावयाचे असते. आपले जानेवारीचे प्रमाणपत्र बिनचूक होते. पंप एप्रिलमध्ये मुका होता. प्रमाणपत्र हे त्या दिवसाचे असते. आग आपला दिवस स्वतः निवडते. म्हणून दोन प्रमाणपत्रांच्या मधल्या आठवड्यांचे रक्षण कागदाने होत नाही, ते आपणच केले पाहिजे.

ते कठीण नाही. त्यास अभियंता लागत नाही; डोळे आणि सवय लागते. दर आठवड्यास पाच गोष्टी पाहाव्यात. टाकीचा राखीव कप्पा काठोकाठ आहे काय? पाण्याच्या मार्गावरील प्रत्येक व्हॉल्व्ह उघडा असून साखळीने बांधलेला आहे काय? पॅनेलचे बटण 'स्वयंचलित' या खुणेवर आहे काय? डिझेलची टाकी भरलेली व बॅटरी चार्जरला जोडलेली आहे काय? आणि शेवटी, दाब थोडा सोडला असता मुख्य पंप आपण होऊन सुरू होतो काय? डिझेलचा पंपही दर आठवड्यास काही वेळ चालवावा. न चालविलेले इंजिन आणि न म्हटलेले पाठांतर ऐनवेळी दगा देते. ज्यांना पाण्याची नासाडी खटकते त्यांस सांगतो, पंपाच्या चाचणीचे पाणी स्वतंत्र नळाने पुन्हा त्याच टाकीत पडते. आणि जॉकी पंप वारंवार सुरू होत असेल, तर तो गळतीची वर्दी देत आहे असे समजावे. वर्दी देणाऱ्याचे तोंड बंद करू नये, गळती शोधावी.

आपण सर्व निरनिराळ्या गृहनिर्माण संस्थांतून राहता. ज्यांच्या इमारती उंच आहेत, त्यांच्याकडे हीच यंत्रणा कमीअधिक प्रमाणात आहे. घरी गेल्यावर एकदा आपल्या पंपघराचे कुलूप उघडून पाहावे. किल्ली कोणाजवळ आहे, एवढे शोधण्यातच कित्येकांचा पहिला रविवार जाईल, असा आमचा अंदाज आहे.

आता आमची मागणी. एक, सभागृहाच्या भाड्यातील ठराविक हिस्सा दरवर्षी केवळ या यंत्रणेच्या देखभालीसाठी वेगळा ठेवावा व तो अन्य कामास वळवू नये. दोन, दर रविवारी सकाळी दहा वाजता चाचणी व्हावी आणि तीस आळीपाळीने दोन सभासद कुटुंबांनी हजर राहावे. मुलांनाही बरोबर आणावे, आणि वहीत त्यांच्याच हस्ते नोंद करवावी. तीन, मंडपवाल्यांशी होणाऱ्या करारात स्पष्ट लिहावे, की स्प्रिंकलरच्या तोंडांस तोरणे वा पडदे बांधावयाचे नाहीत, त्यांच्याखाली कापडाचे छत ताणावयाचे नाही, आणि पंपघरातील विजेस हात लावावयाचा नाही. चार, राखीव पाणी लग्नाकार्यास मिळणार नाही. त्या दिवशी टँकर मागवावा. यजमानांस दोन पैसे अधिक पडतील, ते पडू द्यावेत.

गेल्या एप्रिलपासून आम्ही गळती दुरुस्त केली, चावीस कुलूप घातले, आणि वही पुन्हा सुरू केली. परंतु चार माणसांचा उत्साह किती दिवस टिकतो हे त्या कोऱ्या पानांनी आम्हांस शिकविले आहे. म्हणून हे काम उपसमितीचे न राहता ज्ञातीचे व्हावे, अशी विनंती आहे. संपादक मंडळासही आमची एक सूचना आहे. या स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची नावे छापतात, ते योग्यच आहे. पुढील वर्षीच्या अंकात एक पान या वहीसाठी द्यावे: बावन्न रविवार, कोणत्या कुटुंबाने चाचणी केली, आणि पंप सुरू झाला की नाही. एकही रकाना कोरा राहू नये, एवढेच आपणांकडे मागणे आहे.

 भोजनास जाताना पंपघराचे दार उघडे ठेवले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे.